परदेशातील मोटार कोकणात आणताना: वाचकांचे प्रश्न

शिमगा आणि गणपती जवळ आले की परदेशातून मोटार आणण्याविषयीची पत्रे या सदराकडे हमखास वाढतात. कोकणातील घराघरांतून कोणी आखाती देशांत, कोणी पूर्व आफ्रिकेत, कोणी इंग्लंडमध्ये नोकरीला असल्यामुळे हे साहजिकच आहे. त्यांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. सीमाशुल्काचे दर फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतरचे आणि वस्तू व सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले धरले आहेत. शुल्काचा दर गाडी विकत घेतल्याच्या दिवसाचा लागत नाही. बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाबद्दल सीमाशुल्क खात्याला द्यायचे घोषणापत्र) दाखल झाल्याचा दिवस किंवा जहाज बंदरात दाखल झाल्याचा दिवस, यांपैकी जो नंतरचा असेल त्या दिवसाचा लागतो. म्हणून गाडी जहाजावर चढवण्यापूर्वी दर पुन्हा एकदा पाहून घ्यावेत.

प्रश्न (दापोली): माझा मुलगा दुबईत नोकरीला असून आता कायमचा गावी परतणार आहे. त्याच्याकडे दोन वर्षांपूर्वी घेतलेली टोयोटा लँड क्रूझर आहे. ती इकडे आणता येईल का? तिथला एक गॅरेजवाला स्टिअरिंग उजवीकडे बसवून देतो म्हणतो.

उत्तर: आणता येणार नाही. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान या सर्व देशांत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि त्यामुळे तिथल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. भारताच्या आयात धोरणानुसार गाडी नवी असो वा वापरलेली, तिचे स्टिअरिंग उजवीकडेच असले पाहिजे, वेगदर्शकावर किलोमीटर असले पाहिजेत आणि पुढच्या दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा असला पाहिजे.

गॅरेजवाल्याच्या सल्ल्याच्या वाटेला जाऊ नये. स्टिअरिंगची बाजू बदलणे म्हणजे केवळ चाक इकडून तिकडे नेणे नव्हे. स्टिअरिंग रॅक, पेडल, डॅशबोर्ड, वायरिंग, वायपर, दिवे आणि एअरबॅग यांची मूळ रचना त्यात मोडली जाते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल केलेल्या गाडीला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते आणि गोदीतील तपासणीत चेसिस क्रमांकावरून मूळ घडण उघडी पडतेच. एवढा खर्च करून गाडी मुंबईला पोहोचली आणि तिथेच अडकली, असे होण्यापेक्षा मुलाने ती दुबईतच विकून पैसे घेऊन यावे. टोयोटाचीच गाडी हवी असेल, तर फॉर्च्युनर आणि इनोव्हा कर्नाटकातील बिडदीच्या कारखान्यात तयार होतात आणि त्यांचे सुटे भाग व कारागीर कोकणातही मिळतात.

प्रश्न (चिपळूण): माझी बहीण व मेहुणे इंग्लंडहून कायमचे परतत आहेत. त्यांची दीड वर्षाची, १५०० सीसीची पेट्रोल गाडी आहे. तिची आजची किंमत आपल्या पैशांत साधारण दहा लाख रुपये होईल. स्टिअरिंग उजवीकडेच आहे. गाडी घराच्या अंगणात येईपर्यंत एकूण खर्च किती धरावा?

उत्तर: इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, केनिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांतील गाड्यांना स्टिअरिंगची अडचण नसते, त्यामुळे हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. मात्र दुसरी अट वयाची आहे. वापरलेली गाडी तिच्या उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी असता कामा नये. येथे अनेकांची गफलत होते, कारण ते नोंदणीची तारीख धरतात. शोरूममध्ये आठ-दहा महिने उभी राहून मग विकली गेलेली गाडी कागदावर तरुण आणि कायद्यापुढे म्हातारी निघू शकते. जपानमधून गाडी आणणाऱ्यांनी अधिक दक्ष राहावे. तिथल्या देशांतर्गत गाड्यांवर सतरा अक्षर-आकड्यांचा चेसिस क्रमांक नसून छोटा फ्रेम क्रमांक असतो आणि त्यावरून उत्पादनाचे वर्ष थेट वाचता येत नाही, म्हणून तारखेचा वेगळा पुरावा आधीच मिळवून ठेवावा लागतो.

आता पैशांकडे वळू. सीमाशुल्क ज्या रकमेवर बसते ती रक्कम म्हणजे गाडीची किंमत, जहाजाचे भाडे आणि वाटेतला विमा यांची बेरीज होय. भाड्याची खरी पावती दाखवता आली नाही तर गाडीच्या किमतीच्या २० टक्के भाडे आणि विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के विमा धरला जातो, त्यामुळे या दोन पावत्या हरवणे परवडत नाही. गाडीची किंमतही मालक सांगेल तीच धरली जाते असे नाही. वापरलेल्या गाडीच्या बाबतीत अधिकारी ती गाडी नवी असतानाची किंमत घेऊन त्यातून वापराच्या काळानुसार घसारा वजा करतात. ओळखीच्या डीलरकडून कमी रकमेचे बिल लिहून घेण्याची शक्कल येथे चालत नाही. उलट, बिलावर शंका आली की गाडी गोदीत पडून राहते. परकीय चलनाचा दरही बँकेचा नव्हे, तर सीमाशुल्क खात्याने पंधरवड्याला ठरवून दिलेला लागतो.

आपल्या उदाहरणात ही सगळी बेरीज दहा लाख रुपये होते असे समजू. प्रत्यक्षात दहा लाख ही गाडीची नुसती किंमत असेल तर भाडे आणि विमा मिळवून आकडा त्याहून वर जाईल, पण हिशेब समजण्यासाठी पूर्ण रक्कम घेतलेली बरी. वापरलेल्या मोटारीवर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर असे मिळून १३७.५ टक्के द्यावे लागतात. मोटारीवर शेतीच्या नावाचा उपकर कसा, असे एखाद्या हापूसच्या बागायतदाराला वाटेल, परंतु २०२५ पूर्वीही एकूण भार एवढाच होता आणि त्या वर्षी फक्त त्याची वाटणी बदलली. म्हणजे दहा लाखांवर १३ लाख ७५ हजार रुपये झाले आणि गाडी २३ लाख ७५ हजारांवर पोहोचली. या वाढलेल्या रकमेवर, मूळ दहा लाखांवर नव्हे, एकात्मिक वस्तू व सेवा कर बसतो. १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या पेट्रोल गाडीला तो १८ टक्के आहे, पण आपली गाडी १५०० सीसीची असल्याने ४० टक्के लागेल, म्हणजे साडेनऊ लाख रुपये. गोदीच्या फाटकातून बाहेर पडताना गाडीची किंमत ३३ लाख २५ हजार झालेली असेल.

इथे बहुतेकांना वाटते की हिशेब संपला, कारण माहितीचे बहुतेक कोष्टक येथेच थांबते. महाराष्ट्रात मात्र आयात केलेल्या मोटारीवर एकरकमी वाहन कर २० टक्के आहे. इथल्या शोरूममधून स्वतःच्या नावावर घेतलेल्या पेट्रोल गाडीला तो किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के असतो. हा २० टक्के कर शुल्क धरून आलेल्या किमतीवर मोजला जातो, म्हणजे आणखी ६ लाख ६५ हजार. एकूण ३९ लाख ९० हजार. नोंदणीचे पाच हजार रुपये यापुढे कोणाच्या लक्षातही राहणार नाहीत. थोडक्यात, तिकडची दहा लाखांची गाडी रत्नागिरीच्या एमएच ०८ ची पाटी लागेपर्यंत चाळीस लाखांची होते, आणि त्या पैशांत इथे तिच्याहून दोन पायऱ्या वरची नवी गाडी हमीसकट मिळते.

कर हा खर्चाचा मोठा भाग असला तरी एकमेव भाग नव्हे. वापरलेली गाडी जहाजावर चढवण्यापूर्वी तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेऊन, ती किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचे आणि तेवढा काळ तिच्या देखभालीची सोय असल्याचे दाखवावे लागते. इकडे आल्यावर नोंदणीपूर्वी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन किंवा अहिल्यानगरच्या वाहन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी पुन्हा चाचणी असते, आणि तिथवर गाडी चालवत नेता येत नसल्याने कॅरिअर ट्रकचे भाडे वेगळे पडते. क्लिअरिंग एजंटाची (गोदीतून गाडी सोडवून देणाऱ्याची) फी आधी लेखी ठरवून घ्यावी. बिल ऑफ एन्ट्री उशिरा दाखल केले तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार आणि पुढे रोज दहा हजार रुपये आकार बसतो. गोदीचे भाडे आणि थकलेल्या शुल्कावरचे व्याज त्याखेरीज. कागदपत्रांत एखादी चूक निघून गाडी पंधरा दिवस अडकली, तर ही रक्कम लाखांत जाते, आणि दिवाळीच्या सुट्ट्या त्याच सुमारास आल्या तर कोणाला दोषही देता येत नाही.

परिवहन कार्यालयात नोंदणीच्या वेळी चेसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतात. इथल्या गाड्यांचा क्रमांक कुठे असतो ते निरीक्षकाला पाठ असते. परदेशी गाडीचा मात्र पुढच्या आसनाखालचा गालिचा उचलल्यावर किंवा काचेच्या कोपऱ्यात डोकावल्यावर सापडतो. तो इंग्लंडमध्येच शोधून, त्याचे स्वच्छ छायाचित्र काढून कागदपत्रांसोबत ठेवावे. गाडीच्या मूळ नोंदवहीतील एक अक्षर आणि पत्र्यावरचे एक अक्षर जुळले नाही म्हणून झालेली धावपळ पाहिली की या सूचनेचे मोल कळते.

एवढे सांगितल्यावर माझे मत विचाराल, तर भावनिक कारण नसेल तर ही गाडी आणू नये. आणायचीच असेल, तर तिचे सुटे भाग भारतात विकल्या जाणाऱ्या एखाद्या गाडीला जुळतात का, हे आधी पाहावे. खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणातल्या पावसात गाडीचा खालचा पत्रा, ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सर लवकर गंजतात. साधा सायलेन्सर मागवायलाही परदेशातून पार्सल यावे लागले, तर पावसाळाभर गाडी पडवीत उभी राहील. इंग्लंडमधून येणाऱ्या गाड्या तिथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठातून धावलेल्या असतात, हेही विसरू नये.

प्रश्न (जयगड परिसर): आमच्या दारात एवढे मोठे बंदर असताना गाडी मुंबईला का उतरवायची?

उत्तर: बंदर मोठे असणे आणि ते मोटारींच्या आयातीसाठी अधिसूचित असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वापरलेली मोटार फक्त मुंबईच्या सीमाशुल्क बंदरातून आणता येते. नव्या मोटारीसाठी काही ठरावीक बंदरे आहेत आणि त्यांत कोकणातलेच, रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा आहे. जयगड, दिघी किंवा रत्नागिरीचे भगवती बंदर यांचा यासाठी उपयोग नाही.

प्रश्न (श्रीवर्धन): परदेशातून कायमचे परतणाऱ्यांना घरगुती सामानावर शुल्कात सवलत मिळते. त्यात गाडी घालता येईल का? किंवा काकांनी मला ती भेट म्हणून पाठवली तर?

उत्तर: सीमाशुल्क कायदा, १९६२ मध्ये बॅगेजची व्याख्या करतानाच मोटार वाहन त्यातून वगळले आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांना मिळणारी स्थलांतराची सवलत म्हणूनच गाडीला लागू होत नाही. कायमचे परतणाऱ्यांना धोरणात जी मोकळीक आहे ती आयातीच्या अटींपुरती आहे; शुल्क पूर्ण भरावे लागते.

भेटीचेही तेच. भेट देणाऱ्याने पैसे घेतले नाहीत म्हणून सीमाशुल्क खाते गाडीची किंमत शून्य धरत नाही. वाचकांना सचिन तेंडुलकर यांची लाल फेरारी आठवत असेल. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल फियाट कंपनीच्या वतीने त्यांना ती भेट मिळाली होती. सुमारे १.१३ कोटी रुपयांचे शुल्क सरकारने आधी माफ केले, त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेरीस ती रक्कम फियाटने भरली. काकांची इच्छा कितीही चांगली असली, तरी शुल्क कोण भरणार हे त्यांच्याशी आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. भेट स्वीकारायची आणि मग कर्ज काढायचे, असा प्रसंग येऊ नये.

प्रश्न (मालवण): माझा जर्मन जावई स्वतःच्या गाडीने भारतभर फिरणार असून त्याला काही महिने आमच्याकडेही राहायचे आहे. त्यालाही एवढे शुल्क द्यावे लागेल का?

उत्तर: नाही. गाडी परत नेण्याच्या हमीवर तात्पुरती आणता येते. त्यासाठी त्याच्या देशातील मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल संघटनेकडून कार्ने द पासाज हा दस्तऐवज घ्यावा लागतो, ज्यात गाडी परत न गेल्यास शुल्क भरण्याची हमी असते. त्यासाठी तो तिकडे मोठी अनामत ठेवतो, ती गाडी परतल्याची नोंद झाल्यावर सुटते. भारतातील मुक्काम सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपर्यंत असतो. अशा गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असले तरी चालते. भारतात लागू होणारा त्रयस्थ पक्ष विमा आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना त्याच्याकडे असावा. गाडी मात्र इथे विकता येत नाही आणि सासऱ्यांना वापरायला ठेवून तो एकटा विमानाने परतला, असेही करता येत नाही. परतताना बंदरावर किंवा सीमेवर कार्नेच्या पानावर शिक्का उमटला की नाही, हे त्याने स्वतः पाहावे.

प्रश्न (कुडाळ): गोव्यात एक दलाल आयात केलेली मोठी गाडी निम्म्या किमतीत देतो आहे. पाटी ईशान्येकडील एका राज्याची आहे. कागद पूर्ण आहेत, ड्यूटी भरलेली आहे, असे तो म्हणतो.

उत्तर: वरचा हिशेब पुन्हा वाचावा. जी गाडी कायदेशीरपणे आणल्यावर मूळ किमतीच्या तिप्पट-चौपट होते, ती निम्म्यात मिळत असेल तर मधली रक्कम कोणी तरी भरलेली नाही, हाच पहिला संशय. सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क खात्याने केरळात ऑपरेशन नुमखोर या नावाने मोहीम राबवून, भूतानमार्गे आणल्याचा संशय असलेल्या अनेक महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. त्यांतील काही सिनेकलावंतांकडे होत्या. दुसरा प्रकार राजनैतिक अधिकाऱ्यांच्या गाड्यांचा. त्या शुल्काविना येतात आणि पुढे खासगी व्यक्तीला विकताना शुल्क भरावे लागते, पण ते चुकवून गाडी फिरत राहते.

परिवहन कार्यालयाचे नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे शुल्क भरल्याचा पुरावा नव्हे, हे नीट लक्षात ठेवावे. विक्रेत्याकडे बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मागावी. तिच्यावरील क्रमांक, तारीख आणि बंदर घेऊन सीमाशुल्क खात्याच्या आइसगेट या पोर्टलवर पडताळणी करावी आणि त्यातील चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. वापरलेली म्हणून आणलेली गाडी असेल आणि बिल ऑफ एन्ट्रीवर मुंबईखेरीज दुसऱ्या बंदराचे नाव असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. बेकायदा आणलेली गाडी कितव्या मालकाकडे आहे हे न पाहता जप्त होऊ शकते आणि ती सोडवून घेण्यासाठी वर्षानुवर्षे वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. शिवाय परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इकडे ठेवायची असेल, तर तिकडचे ना हरकत प्रमाणपत्र आणून महाराष्ट्राचा कर भरून पुन्हा नोंदणी करावी लागते. दलाल हा खर्च कधीच सांगत नाही. त्याने बिल ऑफ एन्ट्री ‘दोन दिवसांत देतो’ म्हटले, तर ते हातात पडेपर्यंत विसार देऊ नये.

प्रश्न (अलिबाग): ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारामुळे गाड्या स्वस्त होणार आहेत, मग थांबावे का?

उत्तर: २४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या या करारात ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मोटारींवरील सीमाशुल्क ठरावीक संख्येच्या कोट्यापुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवायचे आहे. लाभ गाडीच्या उगमाला आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकाच्या जपानी किंवा जर्मन बनावटीच्या गाडीला तो मिळणार नाही. सध्या चाळीस हजार डॉलरहून महाग नव्या गाडीवर ७० टक्के शुल्क आणि ४० टक्के उपकर, असे ११० टक्के आहेत. त्यावर ४० टक्के वस्तू व सेवा कर बसून शंभर रुपयांची गाडी २९४ रुपयांना पडते. शुल्क १० टक्के झाले तर हाच आकडा १५४ होईल, कारण वस्तू व सेवा कर तसाच राहणार आहे, आणि राज्याचा २० टक्के कर त्यावर पुन्हा आहेच. रेंज रोव्हरच्या गिऱ्हाइकाने थांबण्यात अर्थ आहे. मात्र त्याच कंपनीच्या काही गाड्यांची जुळणी पुण्यात होत असल्याने, आपण पाहत असलेले मॉडेल पूर्ण आयात केलेले आहे की इथे जोडलेले, हे आधी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.